चवथीचा बोनस आणि 45 दिवस

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली, पुठ्ठ्याची खोकी बनवायची मशिनं ठरली, हे वाचून फार आनंद झाला. पण पत्राच्या शेवटी तू विचारलंस ते काही डोक्यातून जाईना. ‘काका, बारा माणसांच्या कारखान्याला देशाच्या अर्थव्यवस्थेत काय किंमत?’

आकडा हवा तर घे. देशाच्या उत्पन्नात सुमारे 30 टक्के वाटा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, निर्यातीत 45 टक्क्यांच्या आसपास. आणि त्यांतले बहुतेक तुझ्याएवढे किंवा तुझ्याहूनही लहान. पण मला या गोष्टीची खरी समज आली ती 2001 च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला.

एका मोठ्या औषध कंपनीकडे माझ्या खोक्यांचे चार महिन्यांचे पैसे अडकले होते. रोज फोन करायचो, रोज ‘साहेब मीटिंगमध्ये’. चवथ आठवड्यावर आली. बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान लागलं होतं, आणि माझी चौदा माणसं संध्याकाळी काम संपल्यावर घरी न जाता शेडच्या पायरीवर बसून राहिली. कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी काकूच्या पाटल्या गहाण ठेवून बोनस वाटला. त्या रात्री हिशेब मांडला तेव्हा कळलं की इतके महिने मी त्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होतो. आपल्या देशात लहान कारखाना मोठ्याला माल पुरवतो तसं भांडवलही पुरवतो, आणि ते कुठल्या आकड्यात दिसत नाही.

तूही हा हिशेब मांडून बघ. समज, महिन्याला 10 लाखांची विक्री आहे. पैसे 45 दिवसांनी आले तर 15 लाख बाहेर अडकतात, 90 दिवसांनी आले तर 30 लाख. वरच्या 15 लाखांवर बँकेचं 12 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 1 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 15 हजार गेले. तेवढ्यात एका हेल्परचा पगार निघाला असता. शिवाय जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे येवोत न येवोत. कागदाची मिल तर तुझी वाट बघत थांबत नाही. काम नाही म्हणून बंद पडलेले कारखाने मी थोडे पाहिले. ऑर्डरी हातात असताना बंद पडलेले जास्त.

लहान कारखान्यांचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून कायदा तेव्हाही होता, 1993 पासून. मला ठाऊक नव्हता, ही माझी चूक. आता 2006 चा कायदा आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जो ‘बँक रेट’ म्हणून व्याजदर जाहीर करते त्याच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी राज्याची फॅसिलिटेशन कौन्सिल. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. मार्च जवळ आला की आता मोठ्या कंपन्यांचे अकाउंटंट आपणहून फोन करतात, तो याच धाकाने.

म्हणून पहिली गाडी भरण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, कर. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. नंबर प्रत्येक बिलावर छाप. आणि मालाबरोबरच्या डिलिव्हरी चलनावर गिऱ्हाईकाच्या गेटचा शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय ड्रायव्हरला परत फिरू देऊ नकोस. मुदत माल पोचल्यापासून मोजतात, आणि 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. तो शिक्का नसेल तर तुझ्या हातात काही नाही.

तू म्हणशील, व्याज मागितलं तर गिऱ्हाईक जाईल. ही भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण तिसाव्या दिवशी अकाउंट्सला नम्रपणे फोन करून ‘बिल पास झालं का?’ एवढं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. भीड भिकेची बहीण, हे आपण गोव्यातली माणसं फार उशिरा शिकतो. मोठी कंपनी ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेत, असेल तर बिल तिथे टाक. कंपनीने ते मान्य केलं की बँका बोली लावतात आणि थोडा वटाव कापून पैसे लवकर मिळतात.

आणि एकाच गिऱ्हाईकावर बसू नकोस. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ट्रकवाल्यांबरोबर गॅरेजं, टायरची दुकानं, खानावळी बसल्या. 2018 मध्ये पुन्हा तेच. त्यांनी काम वाईट केलं नव्हतं. सगळ्यांचं गिऱ्हाईक शेवटी एकच होतं.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माशेलचा टेम्पोवाला, डबे देणारी म्हार्दोळची बाई, कात्रण उचलणारा भंगारवाला, ही सगळी तुझ्या दारात आली की त्यांच्यासाठी मोठी कंपनी तूच. कंपनीचे पैसे आले नाहीत म्हणून टेम्पोवाल्याला थांबवलंस की त्याचा कर्जाचा हप्ता चुकतो. पाटल्या गहाण ठेवल्या त्या वर्षीही मी टेम्पोवाल्याला दोन महिने टांगला होता. त्याने नंतर माझं भाडं कधी घेतलं नाही, आणि ते मला अजून लागतं. दर शनिवारी त्यांचे पैसे चुकते कर, अगदी स्वतःचा पगार मागे ठेवून.

पावसाबद्दल. जूनपासून आपल्याकडे हवाच ओली, पुठ्ठा नरम पडतो आणि खोकं चळतीत खालून बसतं. माझी दोन हजार खोकी एकदा अशीच परत आली. कागदाची रिळं पॅलेटवर ठेव, भिंतीपासून हातभर दूर. कागदातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर घे, आणि रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तूच बघ.

मे अखेरीस येईन. तोपर्यंत गेलेल्या प्रत्येक बिलाची तारीख, माल पोचल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख एका वहीत लिहून ठेव. शेड नंतर बघू, आधी ती वही बघेन.

तुझा,
काका