घरमालक प्राणी पाळू देत नाहीत, आईला ॲलर्जी आहे. एकट्या पडलेल्या आईला प्राण्यांच्या सहवासाचा उपचार मिळू शकेल का?

मिळू शकेल. त्यासाठी प्राणी स्वतःचा असावा लागत नाही. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली ज्या कुत्र्याबद्दल लिहिलं, तो जिंगल्स डॉक्टरांचा होता, मुलांचा नव्हे. उपचारांना येणारी अबोल मुलं आधी त्याच्याशी खेळायची, मग डॉक्टरांशी बोलायची आणि कुत्रा न घेताच घरी जायची.

मी माझ्या कुत्रीला, चिंगीला घेऊन एका वृद्धाश्रमात जाते. आमचं जाणं म्हणजे नुसती भेट. उपचार वेगळा: त्यात थेरपिस्ट उद्दिष्ट ठरवतो आणि प्रगतीची नोंद ठेवतो. खांदा आखडलेल्या माणसाला कुत्र्याचे केस विंचरायला लावणं हा व्यायामच असतो. आईचं नैराश्य डॉक्टरांनी निदान केलेलं असेल तर त्यांनाच विचारा, नुसत्या भेटींवर भागवू नका. एकटेपणाच असेल तर भेटीही पुष्कळ कामाच्या, पण वार ठरलेला हवा. आमच्या एक आजी त्या दिवशी सकाळपासून ब्रश हातात घेऊन बसतात.

ॲलर्जीचं म्हणाल तर ती केसांची नसते, लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. त्यामुळे 'याचे केस गळत नाहीत' या आश्वासनावर जाऊ नका. त्रास सौम्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर उघड्यावर भेटा, नंतर हात धुवा. दमा असेल तर कुत्रा-मांजर सोडूनच द्या.

मग मासे आहेत. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या जेवणाच्या खोलीत माशांची टाकी ठेवली, तर ते जास्त जेवू लागले आणि त्यांचं वजन वाढलं. दक्षिण कोरियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर वृद्धांना ८ आठवडे रातकिडे सांभाळायला दिले होते! नैराश्य थोडंच उतरलं, पण उतरलं. (ते रात्री ओरडतात, हे आईंना आधी सांगा.) जिथे जंतुसंसर्गाची भीती असते तिथे पारो नावाचं सीलच्या पिल्लासारखं जपानी यंत्र वापरतात. मी आधी नाक मुरडलं होतं, पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मांडीवर ते शांतपणे बसतं आणि चावत नाही, ही काही लहान गोष्ट नाही.

कुत्रा घेऊन भेटीला येणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या लसीकरणाबद्दल तर विचाराच, पण आणखी एक विचारा: कुत्र्याला कंटाळा आला की तुम्ही काय करता? चिंगी दमली की जांभया देते, ओठ चाटते, तोंड फिरवते. तिथे मी उठते, समोरचा कितीही खुशीत असला तरी. या प्रश्नावर जो हसेल त्याला बोलावू नका. जबरदस्तीने बसवलेला कुत्रा कधीतरी गुरगुरतो, आणि त्याचा राग कुत्र्यावरच निघतो.

आईंना कुत्र्यांची भीती वाटते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाटत असेल तर पहिल्या दिवशी कुत्रा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवायला सांगा आणि हाक मारायची की नाही ते त्यांच्यावर सोडा.