बागेतलं चिमुकलं गाव बघायला जाताय?

दिवाळीच्या किल्ल्याखाली गाव मांडायचं म्हणून बघणार असाल, तर आधी प्रमाण ओळखा. 170 सेंमीचा माणूस 1:25 मध्ये, म्हणजे 25 पट लहान केला की, 6.8 सेंमी होतो, 2 मीटरचं दार 8 सेंमी. माणसाची उंची अंदाजे धरली की बाकीचं ताडता येतं. बहुतेक गावं फसतात ती झाडांमुळे: घर लहान, पान मात्र खरं, मोठं. नेदरलँड्सच्या मादुरोडाम या चिमुकल्या शहरात (1:25, 1952 पासून) झाडंही छाटून मापात ठेवतात.

नाशकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, बाग उघडताच जा. तिरप्या उन्हात कौलं उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट, फोटो काढून उपयोग नाही.

फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत, बाहुल्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येते. जवळ जाऊ नका; मागचंपुढचं धूसर झालं की खेळणं वाटतं. दोन-तीन पावलं मागे सरून 2 पट झूम करा. पोर्ट्रेट मोड बंद, तो बारीक कठडे खातो.

भिंतींचे पायथे नक्की बघा. पावसाचे शिंतोडे आणि मातीची ओल यांनी रंग तिथूनच सुटतो. घरी मांडताना घरांखाली विटेचा तुकडा ठेवा. आणि कुंपण ओलांडू नका, पोरांनाही सांगा.