लाँगजिंग आणि तिएग्वानयिन या दोन चिनी चहांची घरच्या घरी तुलना कशी करायची?

मी इंदूरला राहतो, चार वर्षं झाली हा नाद लागून, तर अनुभवाने सांगतो, दोन्ही एकाच वेळी, एकसारख्या झाकणाच्या कपांत करा, आज एक अन् उद्या दुसरा असं केलं तर जीभ काहीच लक्षात ठेवत नाही.

प्रत्येकी 3 ग्रॅम पानं, 150 मिली पाणी, वेळ 3 मिनिटं. छोटा वजनकाटा घ्याच, कारण चमच्याने फसायला होतं, लाँगजिंगची पानं चपटी, हलकी असतात आणि तिएग्वानयिनच्या घट्ट गोळ्या, एका चमच्यात दुपटीपेक्षा जास्त भरतात. पाणी दोघांना एकच, मी सरळ नर्मदेचं नळाचं गाळून घेतो, जड बोरिंगच्या पाण्यात सुगंध मरतो.

लाँगजिंग हांगचौकडचा ग्रीन टी, गरम कढईत पानं दाबून सुकवतात म्हणून तो भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास, त्याला 80 डिग्रीच बरी, उकळतं ओतलं की कडवट. तिएग्वानयिन फूच्येनमधल्या आनशीचा ऊलाँग, म्हणजे ग्रीन आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार, त्याला उकळतंच हवं, नाहीतर गोळ्या उघडतच नाहीत.

आणि पिण्याआधी झाकण उलटं करून वास घ्या!! परवा आईला तिएग्वानयिनचं झाकण दिलं तर म्हणाली, अरे हा तर मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा, आणि त्यात फूल एकही नव्हतं, नुसती पानं. त्याच गोळ्यांवर पाच-सहा वेळा पाणी ओता, मला तिसरा कप सगळ्यात आवडतो. फक्त सकाळी झणझणीत शेव-पोह्यांवर लगेच नका चाखू, तासभर थांबा.