कार्टून लावायचं, पण सांगून झाल्यावर

‘दाताच्या डॉक्टरांकडे नेताना मुलाच्या हातात मोबाईल द्यायचा की नाही?’ हा प्रश्न मानसतज्ज्ञ म्हणून मी इतक्या पालकांकडून ऐकलाय की आता तो अर्धवट कानावर पडला तरी पुढचं कळतं. कुणाला मोबाईलची सवय लागेल अशी धास्ती असते, कुणाला आपण लाच देतोय असं वाटतं. काहींची तक्रार वेगळीच असते: मोबाईल देऊनही पोरगं तोंड उघडत नाही. अशाच एका सात वर्षांच्या मुलीबद्दल लिहिते, कारण तिच्या गोष्टीत बाकीच्या शंकांचंही उत्तर आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई सांगत होती, “मॅडम, पहिल्यांदा गेलो तेव्हा किती छान बसली होती! कार्टून बघत होती, तिला कळलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी मी मोबाईल नुसता पर्समधून काढला, तर खुर्चीवरून उतरून पळालीच.”

“कळलं नाही, हे कशावरून?”

“रडली नाही ना. इंजेक्शनला दचकली तेवढी. डॉक्टर म्हणाले, झालं झालं, बघ तुझं कार्टून.”

वडिलांचं निदान तयार होतं: हट्टीपणा. मी ते ऐकून बाजूला ठेवलं.

मुलीशी मी दातांचा विषय काढलाच नाही. समोर एक बाहुली, पेन्सिल, टॉर्च आणि पुठ्ठ्याचा खोटा मोबाईल ठेवला होता. सुरुवातीला ती या वस्तूंकडे फिरकलीही नाही. एक दिवस मात्र स्वतःच डॉक्टर झाली, बाहुलीला उताणं झोपवलं आणि मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला.

“आ कर. हे बघ, कार्टून बघ. मी काही करत नाहीये हं.” आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल बाहुलीच्या गालात खुपसली.

मी विचारलं, “बाहुलीला आधी माहीत होतं, टोचणार आहे ते?”

“नाही. माहीत असतं तर तिने कार्टून बघितलंच नसतं.”

“मग आता तू डॉक्टर आहेस. तू काय करशील?”

बराच वेळ ती पेन्सिल फिरवत बसली. मग म्हणाली, “आधी सांगेन. ती हो म्हणाली की मग कार्टून लावायचं.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर थांबायचं ना थोडं, मावशी.”

तिच्या आईवडिलांना जे उमगत नव्हतं, ते सगळं या तीन वाक्यांत होतं. तिची भीती खुर्चीची नव्हती, सुईचीही फारशी नव्हती. त्या खुर्चीत मोबाईल समोर आला की न सांगता काहीतरी होतं, एवढं ती एका भेटीत शिकली होती. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना अन्नाआधीचा आवाज ऐकूनच लाळ सुटायची. इथे कार्टून तो आवाज झालं होतं. मोठ्यांना दिलाशाचं साधन वाटत होतं, ते तिच्यासाठी धोक्याची सूचना होती. म्हणून आईने मोबाईल काढताच ती पळाली. हट्टाचा संबंधच नव्हता.

माझा पिंड वर्तनवादी, म्हणजे भीतीसुद्धा अनुभवातून शिकली जाते असं मानणारा, आणि तो मी लपवत नाही. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला आजही जवळचा वाटतो. पीटर नावाच्या लहानग्याला सशाची भीती वाटायची. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणला गेला आणि भीती ओसरली. हा प्रयोग सांगताना सगळे खाऊवर भर देतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ससा पीटरला सतत दिसत होता. खाऊ त्याचं लक्ष चुकवून ससा अंगावर सोडण्यासाठी नव्हता.

मग दंतवैद्यांशी बोलले. सुदैवाने ते ऐकणारे निघाले. पुढच्या भेटीत काहीच उपचार केला नाही. खुर्ची वर-खाली, कार्टून, घरी. कार्टून लागूनही काही होत नाही, हा अनुभव तिला आधी मिळायला हवा होता. घरी तिने दुसरं एक मूल दात तपासून घेतानाचा व्हिडिओ पाहिला. अशी चित्रफीत आधी दाखवल्याने मुलांची भीती कमी होते, हे मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलामेड यांनी 1975 मध्येच दाखवून दिलं आहे. त्यानंतर ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही 1959 पासून बालदंतवैद्यकात रुळलेली पद्धत. कार्टूनला जागा मिळाली ती ‘करा’च्या आधी, तिने होकार दिल्यावर. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार, असंही ठरलं. दाढ भरताना तिने मध्येच कार्टून थांबवलं, “आता कुठलं मशीन?” म्हणून विचारलं, आणि पुन्हा चालू केलं. हे ऐकून मला जो आनंद झाला, तो दाढ भरल्याच्या बातमीने झाला नव्हता.

स्क्रीन उपयोगी पडते, यात शंका नाही. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. ते दुसरीकडे गुंतलं की वेदनाही कमी जाणवते. म्हणूनच भाजलेल्या रुग्णांच्या मलमपट्टीच्या वेळी आभासी वास्तवाचे (व्हीआर) खेळ वापरून पाहिले गेले. पण स्क्रीनने हिरडी बधिर होत नाही. जेल आणि इंजेक्शन यांची जागा ती घेऊ शकत नाही. ‘अजिबात दुखणार नाही’ असं वचनही देऊ नका. ‘थोडं टोचेल, पाच आकडे मोजेपर्यंत’ हे खरं आहे आणि मुलाला पेलतं.

व्हिडिओ मुलाने निवडावा, आणि तो घरीच डाउनलोड करून ठेवावा. उपचारापेक्षा मोठा असू द्या. ऐन वेळी संपला तर पंचाईत. खो-खो हसवणारा नको, तोंडात अवजारं असतात. हातांनी खेळायचे गेम तर नकोतच, डोकं हलतं. हेडफोन एकाच कानाला, म्हणजे मशीनचा आवाज दबतो आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकू येतं. फोन येणार नाही अशी सोय करा. आणि कार्टून सुईच्या क्षणी लावू नका, सांगून झालं आणि मूल हो म्हणालं की लगेच सुरू करा. ‘रडलीस तर बंद करीन’ ही धमकी तर साफ विसरा. धीर द्यायला आणलेल्या वस्तूने शिक्षा करायची नसते.

सवयीची काळजी करणाऱ्यांना एवढंच सांगेन: जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास ही मर्यादा सांगितली, ती बसून स्क्रीन बघण्याच्या रोजच्या वेळेसाठी. कधीमधी उपचाराच्या खुर्चीत पाहिलेल्या वीस मिनिटांनी सवय लागत नाही, सवय घरी लागते. दोन वर्षांहून लहान बाळाला मात्र आईबाबांची मांडी आणि ओळखीचं गाणं पुरतं.

दात ठणकतोय, गालावर सूज आहे, ताप आहे, अशा वेळी या सगळ्या तयारीसाठी थांबू नका. दवाखान्यात पोहोचण्याआधीच फोन करून मागच्या भेटीत काय झालं ते डॉक्टरांना सांगा, आणि मूल फार घाबरत असेल तर गुंगीच्या औषधाबद्दल विचारा. मुलाशी खरं बोलायला तेव्हाही पाच मिनिटं मिळतात. दवाखान्याच्या वाटेवर बोला.