काचबिंदूने नजर गेलेल्या वडिलांना पुनर्वसनाचा काय उपयोग?

गेलेली नजर परत येणार नसेल, तर सत्तरीतल्या वडिलांना प्रशिक्षण देऊन काय साधेल, असे आपण इंदूरहून विचारले आहे. काचबिंदूत बहुधा बाजूची नजर आधी जाते. त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचतो आणि उंबऱ्याला मात्र ठेचकाळतो, आणि घरच्यांना ते (दुर्दैवाने) सोंग वाटते. पुनर्वसनात उरलेली नजर, कान आणि स्पर्श यांच्या आधारे वावरायला शिकवतात. पांढऱ्या काठीलाही रीत असते: डावे पाऊल पुढे पडताना तिचे टोक उजवीकडे टेकते, उजवे पडताना डावीकडे, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच चाचपलेली असते. इंदूरच्या राजवाडा भागातल्या गर्दीत जाण्यापूर्वी ही लय अंगणात मुरवावी. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावावी. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोफत ॲप 2020 पासून उपलब्ध आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या काही लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असावे लागते. प्रशिक्षण मात्र त्याआधीच सुरू करावे. माझ्या मते घरातला मोठा अडथळा आपली मायाच असते, कारण वडिलांच्या हातातला चहाचा कपसुद्धा आपणच काढून घेतो.