टार कमांडने फाइलींचं गाठोडं कसं बांधायचं, आणि काही न सांडता कसं सोडायचं?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. वडिलांच्या कागदपत्रांचे आणि फोटोंचे काही हजार स्कॅन उबुंटू लिनक्सवर टारने एकाच फाइलीत बांधून ठेवायचे आहेत. मित्राने पाठवलेली टार.जीझेड फाइल सोडली तेव्हा आतलं सगळं डेस्कटॉपवर सांडलं. आणि हेच काम झिपने का करू नये, असंही तुम्ही विचारलंय. जे सांडलंय ते आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून आधी तेच घेते.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत, तेही सगळे छोट्या लिपीतले. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे मी तसं सांगेन. फाइलींची आणि फोल्डरांची नावं मात्र तुमची जशी असतील तशीच लिहा.

सांडलेल्या फाइली तारखेवरून ओळखायला गेलात तर फसाल. टार फाइल बाहेर काढतं तेव्हा तिची मूळ तारीख तिला परत लावतं. त्यामुळे आज उतरलेली फाइल पाच वर्षांपूर्वीची दिसते आणि तुमच्या जुन्या फाइलींत बेमालूम मिसळून जाते. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा:

एलएस -एलटीसी

यातला शेवटचा सी फाइलीच्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला ते बघतो, आणि ती वेळ टारला मागे नेता येत नाही. म्हणून नुकत्याच उतरलेल्या सगळ्या फाइली यादीत वर येतात. त्या उचलून एका नव्या फोल्डरमध्ये टाका. एक मात्र आत्ताच तपासा: त्याच नावाची तुमची एखादी फाइल तिथे आधीपासून होती का? टार विचारत नाही, सरळ त्या नावावर नवी फाइल ठेवतं.

पुढच्या वेळी हे टाळायला एकच सवय पुरते. गाठोडं सोडण्याआधी आत डोकवा.

टार -टीएफ मित्राची.टार.जीझेड

टी म्हणजे नुसती यादी, काहीही बाहेर येत नाही. प्रत्येक ओळीची सुरुवात एकाच फोल्डरच्या नावाने होत असेल तर निर्धास्त सोडा. नुसतीच फाइलींची नावं दिसली, तर ते गाठोडं सांडणार. मग एमकेडीआयआर या कमांडने ‘उतरलेलं’ नावाचा रिकामा फोल्डर करा आणि त्यातच सोडा:

टार -एक्सव्हीएफ मित्राची.टार.जीझेड -सी उतरलेलं

इथला एकटा सी कॅपिटल आहे. ‘आधी त्या फोल्डरमध्ये जा, मग काम कर’ असा त्याचा अर्थ. एक्स म्हणजे काढ, व्ही म्हणजे काय काढतोयस ते दाखवत जा. दाबलेली, म्हणजे आकार कमी केलेली, फाइल कोणत्या पद्धतीने दाबली आहे ते उबुंटूचं टार सोडताना स्वतःच ओळखतं, त्यामुळे जीझिप या दाबायच्या पद्धतीसाठीचा झेड लिहिला नाही तरी चालतं. आणि सोडताना कमांडच्या आधी सुडो (संगणकाच्या मुख्य चालकाचे अधिकार देणारा शब्द) लावू नका. सुडोने सोडलं की फाइलींची मालकी मूळ संगणकावरच्या माणसाची राहते, आणि मग आपल्याच लॅपटॉपवर आपल्याला त्या बदलता येत नाहीत.

आता बांधण्याकडे येते. टार म्हणजे ‘टेप आर्काइव्ह’. बेल लॅब्सच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये ते आलं, चुंबकीय फितीवर फाइली एकामागून एक लिहायला. तो स्वभाव आजही गेलेला नाही, आणि तो बघायला मिळतो. एका फाइलीत फक्त ‘नमस्कार’ लिहा. सात चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१, आणि ओळ संपल्याचा एक, असे २२ बाइट. आता तिचं टार करा. ते भरतं १०,२४० बाइट! कारण टार सगळं ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत मोजतं. एक ठोकळा नाव, तारीख, परवानगी यांचा, एक तुमच्या ‘नमस्कार’चा, शेवटाची खूण म्हणून दोन कोरे, आणि मग फितीवर एका वेळी २० ठोकळे लिहायचे म्हणून उरलेली जागाही कोरीच. म्हणजे टार दाबत नाही, नुसतं बांधतं. दाबायचं काम जीझिपचं. टार.जीझेड या नावात ही दोन कामं एकामागून एक लिहिलेली आहेत, एवढं कळलं की त्या नावाची भीती जाते.

तुमच्यासाठी कमांड ही. ‘कागदपत्रं’ हा फोल्डर ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी जा, आणि मग:

टार -सीव्हीएफ कागदपत्रं.टार कागदपत्रं

सी म्हणजे नवीन बांध. एफ म्हणजे फाइल, आणि एफच्या लगेच पुढे गाठोड्याचंच नाव यायला हवं. बाकी अक्षरांचा क्रम इकडचा तिकडे झाला तर फारसं बिघडत नाही, एफ मात्र शेवटी. ‘सीएफझेड’ असं लिहिलंत तर टार ‘झेड’ नावाचं गाठोडं बांधतं.

याच एफने मला रडवलंय. मी जुन्या वह्या आणि पोथ्यांचे स्कॅन सांभाळायचं काम करते. एका कीर्तनकार घराण्याची हस्तलिखित वही आम्ही स्कॅन केली होती आणि वही घरच्यांना परत दिली होती. रात्री घाईत त्या फोल्डरमध्ये जाऊन मी ‘टार -सीव्हीएफ’ आणि पुढे नुसती तारका लिहिली. गाठोड्याचं नाव द्यायचं विसरले. तारकेच्या जागी शेल, म्हणजे आपली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, सगळ्या फाइलींची नावं क्रमाने भरतं, त्यामुळे एफच्या पुढे पहिल्या पानाचं नाव आलं. टारने त्या पानालाच गाठोडं समजून पुसलं आणि बाकीची सगळी पानं त्याच्यात भरली. काहीही तक्रार न करता, व्यवस्थित यादी दाखवत. सकाळी पहिलं पान उघडेना आणि त्याचा आकार अख्ख्या वहीएवढा झालेला! त्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि शक होता. घरच्यांनी वही पुन्हा दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी फोल्डरच्या आत बसून कधीच बांधत नाही, बाहेर येऊन अख्खा फोल्डर बांधते. तुम्हीही तेच करा. त्याने सांडायची भीतीही जाते, कारण सगळं एका फोल्डरच्या नावाखाली राहतं.

वरच्या कमांडमध्ये मी झेड मुद्दाम घातलेला नाही. तुमचे स्कॅन जेपीजी आहेत, ते आधीच दाबलेले असतात. जीझिप वेळ खाईल आणि जागा जवळपास काहीच वाचवणार नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जीझिप केलेली फाइल मधेच खराब झाली तर बहुतेक वेळा त्यापुढचं सगळं अडकतं. साध्या टारमध्ये तो एक फोटो जातो, बाकीचे निघतात. मजकुराच्या फाइली, हिशेबाच्या सीएसव्ही, असलं काही असेल तर मात्र झेड जरूर घाला, तिथे आकार खूप कमी होतो. कॅपिटल जे घातला तर एक्सझेड चालतं, ते आणखी घट्ट दाबतं पण वेळ बराच घेतं.

साध्या टारची उणी बाजूही सांगते. त्यातली बेरजेची तपासणी फक्त नाव-तारखेच्या ठोकळ्यापुरती असते, फोटोच्या आत एखादा बाइट बिघडला तर टारला कळत नाही. म्हणून बांधून झालं की एसएचए२५६सम ही फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा काढणारी कमांड चालवून येणारा लांब आकडा एका मजकूर फाइलीत लिहून गाठोड्याशेजारी ठेवा. दर वर्षी पुन्हा काढून जुळवा.

देवनागरी नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘१९८७ सातबारा उतारा’ अशी नावं आहेत म्हणालात म्हणून लिहिते. टार नाव जसंच्या तसं साठवतं, ते बिघडत नाही. मात्र सर्व्हरवर, किंवा जिथे लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी दाखवू शकणारं, नसेल तिथे, टीची यादी \३४०\२४४\२२५ अशी दिसते. घाबरू नका, तो ‘क’ आहे. त्याचे तीन बाइट टारने आकड्यांत दाखवलेत, आत नाव शाबूत आहे. मूळ टारमध्ये नावाला १०० बाइट मिळायचे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३ चिन्हं. आजचं टार लांब नावं आपणहून सांभाळतं. लिनक्सची स्वतःची मर्यादा एका नावाला २५५ बाइटची, म्हणजे आपली ८५ चिन्हं, आणि काना, वेलांटी, हलन्त यांतलं प्रत्येक वेगळं मोजलं जातं. नावात जागा सोडली असेल तर कमांडमध्ये ते नाव अवतरणचिन्हांत घाला.

झिप वाईट अजिबात नाही. नातेवाइकांना विंडोजवर किंवा फोनवर पाठवायचं असेल तर झिपच करा, समोरच्याला दोनदा टिचकी मारून उघडता येतं. शिवाय झिपच्या शेवटी आतल्या फाइलींची सूची असते, त्यामुळे हजारांतली एक फाइल चटकन निघते. टारला फितीसारखं सुरुवातीपासून पुढे जात शोधावं लागतं. पण लिनक्सवरच्या परवानग्या, मालकी, फाइलींमधले दुवे हे सगळं नीट जपायचं तर टार. घरच्या कायमच्या प्रतीसाठी मी टारच वापरते.

राहिलं ते मूळ फोल्डर पुसण्याचं. लगेच पुसू नका. जिथून बांधलं त्याच जागी उभं राहून हे चालवा:

टार -डीएफ कागदपत्रं.टार

डी गाठोड्यातली प्रत्येक फाइल डिस्कवरच्या फाइलीशी ताडून बघतं. काहीच छापलं नाही तर दोन्ही सारखं आहे. फरक असेल तर नावानिशी सांगतं. मॅकच्या टारमध्ये हा डी नाही, पण तुम्ही उबुंटूवर आहात. मग गाठोडं दुसऱ्या एका डिस्कवर उतरवा, तिथे एसएचए२५६सम पुन्हा काढून आकडा जुळतोय का बघा, आणि त्यानंतरच मूळ फोल्डरला हात लावा. मित्राच्या फाइलीचं अजून नीट जमत नसेल तर टी चालवून वरच्या चार-पाच ओळी इथे टाका, मी बघते.