हो म्हणण्याआधी लाइन बघून ये

प्रिय,

लोअर परळच्या ऑफिसातली ज्युनिअर मर्चंडायझरची (खरेदीदाराची ऑर्डर सांभाळणाऱ्याची) जागा घ्यावी की भिवंडीच्या शर्टांच्या कारखान्यातली प्रॉडक्शनची, हा तुझा प्रश्न. घरचे म्हणत असतील, १९८२च्या संपानंतर मुंबईत कापडाच्या धंद्यात उरलंय काय? गिरणी नाहीच उरली. पण माग भिवंडीत आहेत, शिलाई धारावी-गोवंडीच्या गाळ्यांत आहे, आणि सॅम्पलिंग, खरेदीदारांशी बोलणं, ऑर्डर सांभाळणं अजून शहरातच चालतं. म्हणून शेवटी तुला ऑफिसातच यायचंय. तरी पहिलं वर्ष भिवंडी घे. शर्ट कुठे अडकतो हे न बघितलेला मर्चंडायझर नुसता मेल पुढे ढकलतो.

लाइनवर, म्हणजे शिलाई मशिनांच्या रांगेत, आधी मिनिटं मोजायला शीक. ३० कारागीर, ८ तास म्हणजे १४,४०० मिनिटं हाताशी. एका शर्टाची शिलाई २० मिनिटांची धरली (याला सॅम म्हणतात) आणि संध्याकाळी ४३२ शर्ट निघाले, तर काम झालं ८,६४० मिनिटांचं, म्हणजे ६० टक्के. बाकीची ५,७६० मिनिटं कुठे गेली हे जो सांगेल, त्याला कुठलाही मालक सोडत नाही. बहुतेक वेळा कॉलर जोडणाऱ्यापुढे बंडलं साचलेली असतात आणि पुढचा बाहीवाला हात बांधून बसलेला असतो. सुपरवायझर मात्र ओरडतो बाहीवाल्यावर.

कटिंगमध्ये, म्हणजे कापडाचे थर एकावर एक अंथरून कापतात तिथे, थरांचे नंबर बघ. एकाच रंगाच्या दोन थानांत छटेचा फरक येतोच, म्हणून प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर चिकटवायचा असतो. घाईत तो राहिला की एका थानाची पाठ दुसऱ्या थानाच्या पुढच्या भागाला शिवली जाते. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, उन्हात शर्ट दोन रंगांचा दिसतो. ही चूक उसवून सुधारत नाही, तो पीस गेलाच. होजिअरीचं कापड असेल तर थान उलगडून साधारण २४ तास सैल ठेवलंय का तेही विचार. ताणातच कापलेलं कापड नंतर आखडतं आणि एल साइजचा टी-शर्ट एम होऊन बसतो.

सिंगल नीडल मशिनवर टाके सुटायला लागले की सगळे मेकॅनिकला हाक मारतात. त्याआधी सुई बघ. तिची खोलगट बाजू उजवीकडे, हुककडे (खालून दोरा पकडणाऱ्या भागाकडे) हवी. जराशी फिरलेली असली तरी हुक दोरा पकडत नाही.

यंत्रं माणसं खातील का, हेही विचारलंयस. थर अंथरणं, मार्कर (तुकड्यांच्या मांडणीचा नकाशा) लावणं, कापणं ही कामं यंत्रांकडे चाललीच आहेत, खडूने आखणाऱ्या मास्तरची गरज कमी होतेय. काज-बटणाचंही तेच. अख्खा शर्ट शिवणं यंत्राला जड जातं, कारण कापड लुळं असतं, पकडीत राहत नाही. तेव्हा कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायला शीक, पण आधी कागदावरचा हाताने कापून बघ.

माल कुठे जातो तेही विचार. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा एकाच देशावर विसंबलेले कारखाने अडचणीत आले. तीन-चार बाजारांत माल देणारा बरा.

पगाराचं थोडक्यात. २० माणसं असली की पीएफ लागतो, १० असली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा. ‘१२ टक्के कापतो’ म्हणणाऱ्याकडे पहिल्याच महिन्यात यूएएन (पीएफचा तुझा नंबर) माग आणि पैसे जमा होतात का ते मोबाइलवर स्वतः बघ. तुला ठेकेदाराच्या नावावर घेणार असतील तर तसं आधी स्पष्ट करून घे.

बघायला जाशील तेव्हा सकाळी जाऊ नकोस, सकाळी सगळंच नीटनेटकं असतं. शिफ्ट सुटायच्या तासभर आधी जा आणि चेकिंगच्या टेबलाखालचा दुरुस्तीचा ढीग बघ. शंभर शर्टांमागे किती परत आले ते चेकरलाच विचार, मॅनेजरला नको.